फाशी आणि तिच्या खालच्या पायऱ्या

"फाशीला विरोध करणारा सरकारी वकील पहिल्यांदाच बघतेय," मी म्हटलं.

"विरोध कुठे केला? खुनाच्या खटल्यांत मीही मागितलीये. बाई जिवंत असताना फाशीचं कलम लावू नका, एवढंच म्हणतोय," मामा म्हणाले. निवृत्त झाले तरी बोलताना उलटतपासणीची सवय काही सुटलेली नाही.

विषय शक्ती विधेयकाचा होता. आंध्र प्रदेशाच्या 2019 च्या 'दिशा' विधेयकाच्या धर्तीवर महाराष्ट्राने ते आणलं आणि डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं. बलात्काराच्या अतिगंभीर प्रकरणांत फाशी, अ‍ॅसिड हल्ल्याला वाढीव शिक्षा, तपास महिनाभरात, खटलाही झटपट. केंद्राच्या फौजदारी कायद्यात राज्याला असा बदल करायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली नाही. पुढे 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या दंडसंहितेत हा बदल करायचा होता तीच गेली. विधेयक बारगळलं, आमच्या घरात मात्र ते अजून चर्चेला आहे.

"शिक्षा पायरीपायरीने चढवायची असते," मामा म्हणाले. "बलात्काराला फाशी, खुनालाही फाशी, म्हणजे सगळ्यात वरची पायरी एकच. त्या माणसासमोर त्या वेळी साक्षीदार एकच असते, ती स्वतः. तिला जिवंत सोडण्याचं कारणच तू काढून घेतेस. इटालियन विचारवंत बेकारियाने हे 1764 मध्ये लिहून ठेवलंय."

"मुंबईतल्या शक्ती मिलमध्ये सामूहिक बलात्कार करणाऱ्यांनी कुठे वाचला होता बेकारिया?"

"नव्हताच वाचला. त्यांनी कलमं मोजलीच नव्हती. त्याच आवारात काही आठवडे आधी त्यांच्यातल्या तिघांनी एका मुलीवर अत्याचार केला होता आणि त्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. तिची तक्रार आली ती ऑगस्ट 2013 च्या प्रकरणानंतर. त्यांना भीती नव्हती ती पकडले जाण्याची. मग कलमात फाशी लिहिली म्हणून असे लोक थांबतील, हे तू कशावरून म्हणतेस?"

या उत्तराने मामांचा स्वतःचा मुद्दाही लंगडा होतो, हे मी दाखवून दिलं. गुन्हेगार हिशेब करत नसेल तर फाशीच्या भीतीने तो जीवही घेणार नाही. मामा हसले. मी पुढे रेटलं. "धाक राहू द्या बाजूला. या गुन्ह्याचं वजन किती, हे तरी कायद्याने सांगायचं की नाही?"

"ते वजन कुणाच्या डोक्यावर येतं ते बघ. दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. माझ्याकडे एक पोर होती, आरोपी सख्खा काका. आई पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, मला काही आठवत नाही. पोलिसांत दिलेली फिर्याद वाचून दाखवली, तर म्हणे, अंगठा माझा आहे, मजकूर माझा नाही. बाहेर बाकावर सासू बसलेली, दिराची दोन मुलं मांडीवर घेऊन. तेव्हा किमान शिक्षा दहा वर्षांची होती. फाशी असती तर त्या बाईने मुळात फिर्याद दिली असती?"

"म्हणजे घरची माणसं फितूर होतात म्हणून कायद्याने नरमाई दाखवायची?"

मामा थोडं थांबले. "नाही. पण बलात्कार म्हणजे मरणच, असं कायदा म्हणू लागला की गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणंच तो अंगठा उठवून पक्कं करतो. अब्रू गेली म्हणजे सगळं गेलं. तुम्ही पोरी ज्याच्याशी भांडता तेच."

हा वार वर्मी बसला. फाशी मागताना आपण त्या स्त्रीचं आयुष्य संपलं असं गृहीत धरतो, हे मी कधी मनाशी तपासलं नव्हतं. बलात्काराच्या कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने 2013 मध्ये बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती, तेव्हा मला तो भित्रेपणा वाटला होता. आता तसं म्हणवत नाही. तरी एक गोष्ट खुपते. ती स्वतःच म्हणाली की माझं सगळं संपलं, तर तिला 'तसं समजू नकोस' असं सांगणारे आपण कोण?

"आणि फाशी सुनावली म्हणजे होते असंही नाही," मामांनी दुसरी बाजू लावून धरली. "पुण्यातल्या 2007 च्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत फाशी कायम राहिली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज 2017 मध्ये फेटाळला. मग कागद या टेबलावरून त्या टेबलावर. फाशीची तारीख निघाली 2019 मध्ये आणि या दिरंगाईपायीच उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून 35 वर्षांची कैद दिली. शक्ती मिलच्या तिघांचीही फाशी नोव्हेंबर 2021 मध्ये जन्मठेपेवर आली, विधेयक मंजूर होण्याच्या महिनाभर आधी."

"शिक्षा ठरवताना आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं ना?"

"लागतं. कायद्यातच आहे."

"आणि तिचं?"

"ते सरकारी वकिलाने मांडायचं."

"तुम्ही विचारायचात तिला?"

"काही जणींना विचारलं. एक म्हणाली, फाशीच द्या साहेब, मी बघायला येते. दुसरी म्हणाली, काय द्यायचं ते द्या, पण मला परत कोर्टात बोलावू नका." मामांनी चष्मा काढला. "आता यातल्या कुणाच्या शब्दावर कलम लिहू, सांग."

"दोघींच्या. पहिलीसाठी फाशी लिहिलीच होती. महिनाभरात तपास आणि झटपट खटला, हे दुसरीसाठी होतं."

"होतं. पण तितकी कोर्टं आणि तितके तपास अधिकारी लागतात. फाशीला काही लागत नाही, एक ओळ वाढवली की झालं. विधानसभेत कौतुक कशाचं झालं असेल, तूच सांग."