आभाळ वाचणारे
(मत्तय 16 : 1–3, प्रेषितांची कृत्ये 27)



सायंकाळचे तांबडे आभाळ पाहून उद्याची उघाड सांगणाऱ्यांना प्रभूने शब्द लाविला, तो त्या विद्येकरिता नव्हे. आभाळ कळते, मग डोळ्यांपुढचे का कळत नाही, हा त्याचा प्रश्न होता.

समुद्रावर ही विद्या शिक्षणजहाजांवरील मुलांस शिकवितात. दर पाळीस वायुभारमापकाचा आकडा पाहून वहीत लिहावयाचा. भार झपाट्याने उतरू लागला व दुरून लांबलांब लाटा येऊ लागल्या, म्हणजे तुफान जवळ आले असे समजावयाचे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास तुफानाचे केंद्र साधारणतः उजव्या हातास असते. इतके सोपे आहे.

"पामीर" नावाचे चार डोलकाठ्यांचे जर्मन शिक्षणजहाज 1957 च्या ऑगस्टात ब्युनोस आयर्सहून जव भरून हॅम्बुर्गास निघाले. 21 सप्टेंबर रोजी अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येस "कॅरी" नामक तुफानाने त्यास गाठले. जहाजावर 86 जण होते. निम्म्याहून अधिक शिकाऊ मुले. वाचले 6. पुढे ल्यूबेक येथे चौकशी झाली. तीत असे ठरले की, जव बहुतेक मोकळेच ओतलेले असल्यामुळे जहाज कलताच ते एका अंगास सरकले. शिडे वेळेवर उतरविली नाहीत. वरची काही दारेझडपा उघडीच राहून पाणी आत शिरले. त्या मुलांस दोष देण्यास माझी जीभ वळत नाही. दार लावण्याचा हुकूम देणे त्यांच्या हाती नव्हते.

पौल तर खलाशीही नव्हता. हिवाळा तोंडावर आला आहे, पुढे जाऊ नये, असे त्याने सांगितले. परंतु शताधिपतीस तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे म्हणणे अधिक पटले. ते तारू फुटले. त्यावरील 276 माणसे वाचली ती देवाच्या कृपेने, तांडेलाच्या शहाणपणाने नव्हे.

उपदेशक बंधूंनो, आपल्या वाडीत कोणत्या दोन घरांचे बोलणे बंद आहे, हे आपणांस ठाऊक असते. प्रभुभोजनाच्या दिवशी ती माणसे भिंतीच्या दोन टोकांस बसतात. वायुभारमापक याहून स्पष्ट ते काय सांगणार? आणि महिनाअखेर आपण वहीत लिहितो, "मंडळी कुशल आहे." मीही तसे लिहिले आहे.