वृद्धांच्या विस्मरणास हंसावें काय?

"काखेंत कळसा आणि गांवाला वळसा" ही म्हण तरुणांसही लागू पडते. परंतु वय वाढत चाललें म्हणजे तिचा प्रत्यय घरोघरीं अधिक येऊं लागतो. चष्मा कपाळावर असतो आणि घरचीं सर्व माणसें तो शोधीत असतात. आजीबाई लगबगीनें स्वयंपाकघरांत जातात आणि तेथें उभ्या राहून सुनेस विचारतात, "मी कशाला आलें होतें ग?" नातवास हांक मारतांना त्या आधीं त्याच्या बापाचें, मग काकाचें, आणि एखादे वेळीं घरच्या बैलाचेंही नांव घेतात! अशा वेळीं हंसूं येतें. तें येऊं द्यावें कीं दाबावें, हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं.

प्रथम या विस्मरणाचें स्वरूप पाहूं. माहीत असलेलें नांव जिभेच्या टोंकावर येऊन अडतें, आणि तासाभरानें कोणी विचारीत नसतां आपोआप आठवतें. ठेव घरांतच असते. कुलूप उघडण्यास वेळ लागतो, इतकेंच. नांवांची अदलाबदल तर तरुणांकडूनही होते. अमेरिकेंत सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, चुकून घेतलेलें नांव बहुधा आपल्याच मंडळींतील कोणाचें तरी असतें. घरच्या कुत्र्याचेंही त्यांत येतें. म्हणजे नातवास बैलाच्या नांवानें हांक मारणारी आजी त्यास जिव्हाळ्याच्या गोतावळ्यांतच मोजीत असते.

परंतु सर्व विस्मरण असें निरुपद्रवी नसतें. चष्मा कोठें ठेविला हें विसरणें निराळें, आणि चष्मा कशासाठीं असतो हें विसरणें निराळें. नेहमींच्या बाजारांतून घरची वाट न सांपडणें हें आजाराचें चिन्ह असूं शकतें. अशा एका आजाराचें वर्णन जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनीं सन १९०६ मध्यें केलें, व तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. तो पुरता बरा करितां येत नाहीं. पण थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा खिन्नता यांमुळें आलेलें विस्मरण उपचारानें पुष्कळदां सुधारतें. म्हणून "साठी बुद्धि नाठी" असें म्हणून हंसत बसणें निर्दयपणाचें तर आहेच, शिवाय घातकही आहे. कारण त्यांत वैद्याकडे जाण्याची वेळ टळून जाते.

विस्मरण वाढलें म्हणजे माणूसच उरला नाहीं, असेंही कोणी समजूं नये. भिवंडी हें यंत्रमागांचें गांव. ज्याचा जन्म मागापाशीं गेला, त्यास सकाळचें बोलणें आठवलें नाहीं तरी तुटलेलें सूत सांधतांना त्याचीं बोटें बहुधा अडत नाहींत. कारण हाताची आठवण निराळी असते. कॅनडांतील ब्रेंडा मिलनर या विदुषीनें हें दाखवून दिलें. सन १९५३ मध्यें मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्यापासून नवें कांहीं लक्षांत न राहणारा एक अमेरिकन रोगी आरशांत पाहून चांदणीची आकृति रेखाटण्यास शिकला. त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. पण आपण हें पूर्वीं केलें आहे, हें मात्र त्यास आठवेना.

तर मग हंसावें काय? आमचें उत्तर असें कीं, त्या हंसण्यावर पहिला हक्क विसरणाऱ्याचा आहे. आजी स्वतः कपाळावर हात मारून हंसली, तर सर्वांनीं खुशाल हंसावें; त्यानें घर हलकें होतें. पण तिनें गोंधळून इकडेतिकडे पाहिलें, तर आपलें हंसूं आवरावें, आणि जें तिला सुचत नाहीं तें सहज सांगून मोकळें व्हावें. "मघांशींच सांगितलें ना!" हें वाक्य घरांतून काढूनच टाकावें. मूल दिवसांतून पन्नास वेळां "हें काय?" म्हणून विचारतें, त्यास आपण कौतुकानें उत्तर देतों, कारण तें शिकेल अशी आशा असते. वृद्धाच्या बाबतींत तशी आशा नसते, म्हणूनच त्यास पांचव्यांदा दिलेलें उत्तर अधिक निर्मळ प्रेमाचें होय. हें सोपें नाहीं, आणि तें एकट्या सुनेच्या माथीं मारूं नये. लेकांनीं व नातवांनींही वांटून घ्यावें.

आपल्या जन्माचीं पहिलीं दोन वर्षें आपणां कोणासच आठवत नाहींत. तीं आपल्यासाठीं या वडील माणसांनीं आठवून ठेविलीं. त्यांचीं शेवटचीं वर्षें आपण त्यांच्यासाठीं आठवून ठेवावीं, हें केवळ ऋण फेडणें होय.