पाळीव अजगराचे अन्न आणि हिंसेचा वाटा

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान चणीचा, शांत स्वभावाचा अजगर. अमेरिका आणि युरोपात तो हौसेने पाळला जातो. त्याला मांसाशिवाय दुसरे अन्न चालत नाही आणि भक्ष्य तो अख्खेच गिळतो. कुत्र्या-मांजराच्या डबाबंद खाद्यात मेलेला प्राणी दिसत नाही. इथे उंदीर उंदराच्याच रूपात समोर असतो. एक जीव हौसेने सांभाळायचा आणि त्यासाठी दुसरे जीव नेमाने मरू द्यायचे, याचे समर्थन कसे करायचे, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

हा अजगर खाण्याच्या बाबतीत कमालीचा चोखंदळ असतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नायजेरियातील अभ्यासात सत्तर सेंटीमीटरपेक्षा लहान अजगर जवळजवळ केवळ पक्ष्यांवर जगताना आढळले, तर मीटरभराहून मोठे सस्तन प्राण्यांवर. काचपेटीत मात्र बहुधा उंदीरच वाट्याला येतो, तोही गोठवलेला. ओठांवरच्या खाचांनी अजगर भक्ष्याची ऊब टिपतो. त्यामुळे उंदीर नीट कोमट केलेला नसेल, तर तो त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कात टाकण्याआधी, थंडीत, विणीच्या हंगामात किंवा लपायला जागा नसली, तरी तो अन्न नाकारतो. धडधाकट प्रौढ अजगर कित्येक महिने न खाता राहू शकतो. वजन झपाट्याने उतरू लागले किंवा तोंडाचा अथवा श्वासाचा आजार दिसला, तर मात्र पशुवैद्य गाठावा लागतो.

महाभारताच्या वनपर्वात कबुतराला अभय देणाऱ्या राजाशी ससाणा वाद घालतो: माझे अन्न हिरावले तर मी आणि माझी पिल्ले मरू, मग हा कसला धर्म? राजा ती भूक खोटी ठरवत नाही. स्वतःचे मांस कापून देतो. अजगर पाळणारे ससाण्याचाच युक्तिवाद करतात. रानात तो बिनतोड आहे, पेटीत अपुरा पडतो. ससाण्याने आपले कबुतर आपणच हेरले होते. पेटीतल्या अजगराने ना जागा निवडली, ना भक्ष्य. योगसूत्रे आणि जैन आचार हिंसेचे कृत (स्वतः केलेली), कारित (दुसऱ्याकडून करवलेली) आणि अनुमोदित (संमती दिलेली) असे भेद करतात. विकत आणलेला उंदीर उघडच कारितात मोडतो. श्वेतांबर परंपरेने श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा व्यवसायांत हिंस्र प्राण्यांचे पोषणही येते. हा निवाडा कठोर आहे, पण प्रश्नाचे मूळ त्याने अचूक पकडले आहे: दोष सापाच्या भुकेत नाही, पाळण्याच्या निर्णयात आहे.

म्हणून घरात आलेल्या सापाला उपाशी ठेवणे ही अहिंसा ठरत नाही. महावीरांच्या उपदेशानंतर चंडकौशिक नागाने अन्न सोडले, ते कथेनुसार त्याचे स्वतःचे व्रत होते. ते दुसऱ्या सापावर लादता येत नाही. नागपंचमीला नागापुढे दूध ठेवतानाही हीच गल्लत होते. नैवेद्य देणाऱ्याच्या भावनेतून ठरतो, सापाच्या पोटाचा विचारच होत नाही.

अजगर खात नाही म्हणून जिवंत उंदीर सोडणे हा सर्वांत कमी समर्थनीय मार्ग. रानात उंदराला पळायला वाट असते, पेटीत नसते; कोंडलेला उंदीर सापालाही कुरतडून गंभीर जखमा करतो. आणि नाकारलेला मेलेला उंदीर अखेर टाकूनच द्यावा लागतो, म्हणजे त्याच्या मरण्याला भुकेचेही कारण उरत नाही. ऊब, आडोसा आणि कातीची वेळ ओळखणे हा त्यामुळे केवळ संगोपनाचा नव्हे, नीतीचाही भाग होतो.

बेनिनमधील विदा शहरात याच जातीचे अजगर वोदून धर्माच्या मंदिरात पवित्र मानले जातात. त्यांना शिकारीसाठी अधूनमधून बाहेर सोडतात, आणि घरात शिरलेला अजगर लोक मंदिरात परत आणून देतात. तिथे शिकार सापाचीच राहते. पण ती त्याची मायभूमी आहे. शिकागोत किंवा लंडनमध्ये अशी मोकळीक देता येत नाही. भारतात देशी साप घरी पाळण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाच आड येतो. परदेशात हौसेने आणलेला बॉल पायथन मात्र वीस-तीस वर्षे सहज जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तर साठी ओलांडलेल्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली. एवढ्या वर्षांत लागणाऱ्या उंदरांचा हिशेब साप घरी आणण्यापूर्वीच करायचा असतो.