शेजारचं पोर

जून उजाडला की जालन्याच्या बसस्थानकावर गर्दी वाढते ती शिकायला बाहेरगावी निघालेल्या पोरांची. चाकांची नवी बॅग, पाठीला सॅक आणि हातात जड पिशवी. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घरच्या तुपाची बरणी. कुणी लातूरला, कुणी संभाजीनगरला, कुणी पुण्याला. निरोप द्यायला आई-वडील असतातच. पण पुष्कळदा शेजारच्या काकूही आलेल्या असतात. त्या जरा मागेच उभ्या राहतात. गाडी सुटायची वेळ झाली की पुढे होतात आणि पोरीच्या मुठीत शंभराची नोट कोंबतात. पोरगी "नको हो काकू" म्हणत राहते. काकू ऐकतात थोड्याच!

तसं पाहिलं तर या पोरीवर त्यांचा हक्क काय? काहीच नाही. पण घराला कुलूप दिसलं की दप्तर टाकून ती यांच्याच ओट्यावर बसायची. आई रागावली की यांच्याच स्वयंपाकघरात येऊन रुसायची. आई-बापाची माया मोठी खरी, पण तिला काळजी चिकटलेली असते. फी भरायची असते, निकालाची धाकधूक असते, पुढं काय याचा घोर असतो. शेजारच्या मायेला असला घोर नसतो. पोर पहिलं आलं तरी आपलं आणि नापास झालं तरी आपलंच.

याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली तिथं ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. परंपरा सांगते की, बाराव्या वर्षी तो बोहल्यावरून निघून गेला. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप केलं, पुढची बारा वर्षं देशभर फिरला आणि मगच आईला भेटायला घरी आला. तोवर तो रामदास झाला होता, पुढं अवघा महाराष्ट्र त्याला समर्थ म्हणू लागला. आईच्या लेखी मात्र दारात उभा होता तो तिचा नारायणच. बाहेर कितीही मोठं झालं तरी माणसाला अशी एखादी आळी लागते, जिथं त्याची पदवी कुणी विचारत नाही.

ती आळी आपणच असतो. म्हणून सुटीत आलेलं पोर जिन्यात भेटलं की पहिला प्रश्न टक्क्यांचा किंवा पॅकेजचा नको. "कधी आलीस गं? जेवलीस का?" एवढं पुरे. टक्के विचारणारे तिला जागोजागी भेटतात. आणि ज्या घरातून पोर नुकतंच बाहेर पडलंय, त्या दाराशी आज कामावर निघताना मिनिटभर थांबा. तिथं हात अजून सवयीनं एक पोळी जास्तीची लाटत असेल. "काल फोन आला होता का तिचा?" एवढंच विचारा. पण संध्याकाळी परत यायचं कबूल करा, कारण याचं उत्तर काही मिनिटभरात संपणारं नाही.