काँक्रीटच्या दोषाचा धनी कोण?

काँक्रीटच्या पोटठेक्यातली जोखीम हा वरवर हिशेबाचा विषय दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे: जे आपल्या ताब्यात नाही, त्याच्या फळाला माणसाने कितपत बांधील राहावे? या धंद्यात तो अधिक बोचतो, कारण दोष उशिरा कळतो. एम २५ काँक्रीटची ताकद १५० मिलिमीटरच्या क्यूबवर २८ दिवसांनी ठरते. तोवर वरचे काम पुढे गेलेले असते. माल तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटचा, डिझाइन सल्लागाराचे, शटरिंग बहुधा मुख्य ठेकेदाराचे. ओतणारी टोळी तेवढी पोटठेकेदाराची. क्यूब नापास झाला की बोट ओतणाऱ्याकडेच वळते.

गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे मानतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. तिथला रोख कर्तेपणाचा अहंकार सोडवण्याकडे आहे. भरपाई टाळायला तो आधार घेणे गैर. तरी कारणे सुटी करून पाहण्याची ती शिस्त करार वाचतानाही हवी.

व्यवहाराचा निवाडा याज्ञवल्क्यस्मृतीत सापडतो. ठेव राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी पळवली, तर ती सांभाळणाऱ्याला भरून द्यावी लागत नाही. पण मालकाने मागूनही ती दिली नाही आणि मग नष्ट झाली, तर भरपाई आणि तेवढाच दंड. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत ‘मिताक्षरा’ लिहिली. या नियमातला विवेक विलक्षण आहे. दैव सरसकट सूट देत नाही. ज्याने आपले काम वेळेवर केले, त्यालाच देते. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मिक्सरमधला माल घट्ट झाला, हा पोटठेकेदाराचा दोष नव्हे. त्याने लेखी हरकत न घेता तो उतरवला, किंवा सैल करायला वरून पाणी ओतले, की दोष त्याचाही होतो.

१८७२च्या करार कायद्याचे कलम ५६ अशक्य झालेल्या कामातून मोकळीक देते, महाग झालेल्या कामातून नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली अलोपी प्रसाद खटल्यात हे स्पष्ट केले. त्यामुळे सिमेंटच्या भाववाढीची तरतूद सहीआधीच व्हायला हवी.

सर्वांत अन्यायकारक कलम ‘बॅक टू बॅक’ देयकाचे: मालकाने पैसे दिले तरच पोटठेकेदाराचे बिल निघणार. ज्या मालकाशी त्याचा करारच नाही, त्याची पत तो कशी जोखणार? सही केली म्हणजे संमती दिली, हे उत्तर अपुरे आहे. हातचे काम जाईल या धाकाने केलेली सही कायद्यात टिकली तरी न्यायाचे समाधान करत नाही. ब्रिटनने १९९६च्या कायद्याने अशा अटी निष्प्रभ केल्या; अपवाद वरच्या देणेकऱ्याच्या दिवाळखोरीचा.

दोषाची वाटणी पुराव्याने होते. क्यूब मालाबद्दल सांगतो. बांधकामातून कापलेला कोअर दबाई आणि क्युरिंगबद्दलही. क्यूब पास आणि कोअर कमजोर असेल, तर बहुतांशी टोळीचे काम तपासावे लागते. दोन्ही कमजोर असतील, तर संशय आधी मालावर जातो. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किमान तीन कोअर घेतात. त्यांची सरासरी त्या वयाच्या अपेक्षित क्यूब-ताकदीच्या ८५ टक्के असावी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नसावा. हे कोअर कोण काढणार, खर्च कोणाचा आणि निकालापर्यंत रोखलेल्या बिलाचे काय, हे करारातच लिहिलेले असावे लागते.