शिक्का कुणाचा?

सणाच्या सकाळी समई चिंचेने घासायला घेतली की पालथी करावीच लागते. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं: चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट, खाली तारीख. आपण भांड्यावर नाव घालतो ते देणाऱ्याचं, फार तर घेणाऱ्याचं. ती समई ओतणाऱ्या ओताऱ्याचं नाव घालायचं कुणाच्या मनातही येत नाही.

इंग्लंडमधल्या जुन्या चांदीच्या शमादानांचं याच्या उलट. तिथे बुडाशी बारीक ठशांची रांग असते: शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी असल्याची ग्वाही देणारा सिंह, तपासणीच्या शहराची खूण, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. कारागिराने आपली खूण उमटवलीच पाहिजे हा तिथला कायदा १३६३ सालचा. त्यात कौतुकाचा भाग नव्हता. चांदीत तांबं जास्त निघालं तर कुणाची मान धरायची हे कळावं, एवढाच हेतू. पुढे शेफील्डमध्ये पातळ पत्र्याची शमादानं ठोकून पोटात राळ भरू लागले. हाताला वजन लागतं, चांदी मात्र पापुद्र्याएवढी. तरी शिक्का तिथेही खराच!

कारागिरांच्या खुणा नोंदणाऱ्या या संशयाच्या वहीतूनच हेस्टर बेटमन ही चांदीची कारागीर आपल्याला भेटते. नवरा वारल्यावर १७६१ साली, पन्नाशी ओलांडलेल्या या विधवेने लंडनमध्ये स्वतःच्या नावाची खूण नोंदवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आज तिची ती दोन वळणदार अक्षरं दिसली की संग्राहक खिशात हात घालतात.

आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातला रेल्वेचा रूळही निनावी नाही. मधल्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात: ‘सेल’ हे कंपनीचं नाव, रुळाचं वजन, रोमन आकड्यात महिना, मग साल. रूळ तडकला तर तो कुठे आणि कधी निघाला याचा माग लागायला हवा. कारण तेच, लंडनवालं. पण हा माग कारखान्यापाशी थांबतो. त्या महिन्यात रोलिंगवर कोण उभं होतं, ते काही पट्टीवर येत नाही.

आणि इथून दक्षिणेला, बस्तरमधल्या कोंडागावचे पितळ ओतणारे घडवे? भाताचा कोंडा मिसळलेल्या मातीचा गाभा, त्यावर मेणाची सुतासारखी तार शेजारी शेजारी गुंडाळायची, वरून वारुळाची माती लिंपायची. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी पितळ उतरतं. साचा फोडल्याशिवाय दिवा बाहेर येत नाही, म्हणून दुसरा तसाच दिवा नाही. तारेचा दाब, मधली फट, वळणावरचा हात सगळं धातूत राहतं. जाणकाराला ते हस्ताक्षरासारखं वाचता येत असेल. दुकानातल्या गिऱ्हाइकाला नाही. २००८ साली या ढोकरा कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे बस्तरचं नाव राखलं गेलं, घडव्याचं नाही. कोंडागावच्याच जयदेव बघेल या घडव्याचं नाव देशाबाहेरही गेलं, पण ते राष्ट्रीय पुरस्कारामुळे आणि प्रदर्शनांमुळे. बाजारात दिवा उचलून पालथा करावा, तर खाली चिकटवलेली किमतीची चिठ्ठी तेवढी सापडते.