ताऱ्याचा प्रकाश काय सांगतो?

(प्रभू प्रकटीकरणाचा रविवार : मत्तय २:१-१२)



आज आपण प्रभू प्रकटीकरणाचा सण साजरा करीत आहोत. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी तारा पाहिला, ते निघाले आणि बाळ येशूपर्यंत पोहोचले. या सणाला कोणीतरी मला हमखास विचारते, "फादर, त्यांनीही तारा पाहूनच वाट धरली ना? मग आपण पत्रिका पाहिली तर काय बिघडले?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मागे मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना एका मुलीचे ठरलेले लग्न 'मंगळ आहे' एवढ्यावरून मोडले. दोन्ही घरे दर रविवारी मिस्साला येणारी होती. घरगुती बाब म्हणून मी मध्ये पडलो नाही. ती माझी चूक होती. आता लग्नसराई जवळ आली आहे, म्हणून आज ताऱ्यांविषयीच बोलू या.

आज अंधार पडल्यावर धरणाकडे मोकळ्या जागी उभे राहून पूर्वेकडे पाहा. ज्या मृगाच्या पावसाची आपण जूनमध्ये वाट पाहतो, ते मृग नक्षत्र या दिवसांत संध्याकाळी वर आलेले असते. मध्ये एका ओळीत तीन तारे. त्यांच्या एका बाजूला तांबूस काक्षी, दुसऱ्या बाजूला निळसर पांढरा राजन्य. हे रंग उगाच नाहीत. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. ताऱ्यांचेही तसेच. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे साडेतीन हजार अंश तापलेला आहे, आपल्या सूर्याचा साडेपाच हजार, तर राजन्याचा बारा हजारांच्या आसपास.

पण तारा कशाचा बनला आहे, हे कसे कळणार? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ऑग्यूस्त काँत हा फ्रेंच विचारवंत अभ्यासला. तारे कोणत्या द्रव्याचे आहेत हे माणसाला कधीही कळणार नाही, असे त्याने १८३५ साली लिहून ठेवले. १८५७ मध्ये तो वारला आणि दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, किर्खहॉफ व बन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी किल्ली शोधून काढली. सूर्यप्रकाश लोलकातून नेला की इंद्रधनुष्यासारखा रंगांचा पट्टा दिसतो. तो बारकाईने पाहिला तर त्यात बारीक काळ्या रेषा असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. जणू प्रत्येकाच्या अंगठ्याचा ठसाच! त्या वाचल्या की तिथे लोखंड आहे की सोडियम, हे कळते.

ही किल्ली घेऊन आकाशातील ताऱ्यांची पहिली मोठी वर्गवारी करणाऱ्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होते, याचा आपल्याला आनंद वाटला पाहिजे. येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की (१८१८-१८७८) यांची वेधशाळा रोममधील संत इग्नेशियस चर्चच्या छतावर होती. त्यांनी सुमारे चार हजार ताऱ्यांचा प्रकाश तपासला आणि रेषांवरून त्यांचे गट पाडले. खाली वेदीवर मिस्सा आणि वर छतावर दुर्बीण, दोन्हींचा धनी एकच प्रभू, ही त्यांची श्रद्धा होती.

सूर्याच्या प्रकाशातील एका पिवळ्या रेषेवरून १८६८ मध्ये हेलियम या अनोळखी वायूचा सुगावा लागला. पृथ्वीवर तो सापडला १८९५ साली. ही रेषा ओळखणारे लॉकियर पुढे जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आपल्या कोकणात विजयदुर्गला आले होते. पुढे १९२० मध्ये मेघनाद साहा या आपल्या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, त्या रेषांवरून ताऱ्याचे तापमानही काढता येते.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ताऱ्यालाही जन्म आहे, वाढ आहे, म्हातारपण आहे आणि मरण आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे, आणि जवळजवळ तेवढेच आयुष्य अजून बाकी. काक्षी सूर्यापेक्षा कितीतरी जड, म्हणून तिचे इंधन भराभर जळाले. एक कोटी वर्षांच्या आतबाहेरच ती म्हातारी झाली आहे. एक दिवस तिचा स्फोट होईल. अशाच ताऱ्यांच्या स्फोटांतून विखुरलेले लोखंड आज आपल्या विळ्यात आहे आणि आपल्या रक्तातही आहे.

माझ्या बंधू-भगिनींनो, तारा आपल्याविषयी हे सारे खरेखरे सांगतो. तो किती तापला आहे, कशाचा बनला आहे, किती थकला आहे. पण तुमच्या मुलीच्या नशिबी काय आहे, हे त्या प्रकाशात कुठेही लिहिलेले नाही. जो स्वतः जन्मतो आणि विझतो, तो आपल्यासारखीच देवाची निर्मिती आहे. निर्मितीने वाट दाखवावी. आपल्यावर राज्य करू नये. मंगळ तर तारासुद्धा नाही. सूर्याच्या उजेडाने दिसणारा तो एक ग्रह आहे.

आणि ज्ञानी पुरुषांचे काय? शुभवर्तमान नीट वाचा. ताऱ्यामुळे ते यरुशलेमला आले. तिथे त्यांना विचारावे लागले. बेथलेहेमचे नाव संदेष्ट्याच्या ग्रंथातून निघाले. तारा पुन्हा पुढे चालला आणि बाळ होते तिथे थांबला. ज्ञानी पुरुषांनी गुडघे टेकले ते बाळापुढे. ताऱ्याचे काम तिथे संपले.

आपले शेजारी पत्रिका पाहतात म्हणून त्यांची टिंगल करू नका. मी बोलतो आहे ते आपल्या घराविषयी. पवित्र सभेचे धर्मशिक्षण (परिच्छेद २११६) पत्रिका व ज्योतिष यांच्या नादी लागू नका, असे स्पष्ट सांगते. सोयरीक जुळवताना मुलाचे व्यसन विचारा, मुलीची इच्छा विचारा, दोघांची प्रार्थना आणि कष्टाची तयारी पाहा. तुमचा प्रकाश लोकांना दिसू द्या, असे प्रभू सांगतो. माणूसही त्याच्या प्रकाशावरून ओळखावा. तो जन्माच्या घटकेत शोधायचा नसतो. रोजच्या वागण्यात दिसतो.

हे प्रभो, तू ताऱ्यांना नावाने ओळखतोस, आमच्या लेकरांनाही ओळखतोस. आमच्या मनातील भीती काढ आणि तुझ्यापर्यंत नेणारी वाट दाखव. आमेन.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू